चार आकडी स्टीलचा काउंटर: बेदाण्याच्या पेट्यांपासून समुद्रपक्ष्यांपर्यंत

हा काउंटर मी ६ वर्षांपूर्वी सांगलीत हरभट रोडवर घेतला. १६० रुपये पडले. मुठीत मावेल अशी स्टीलची डबी, वर छोट्या खिडकीत ४ आकडे, अंगठ्याखाली दांडी (दाबली की आकडा एकाने वाढतो), उजव्या बाजूला आकडे शून्यावर आणायची फिरकी आणि मागे बोट घालायला कडी. कंपनीचं नाव त्यावर कुठेच नाही, आणि बाजारात अशा डब्या जवळपास सारख्याच मिळतात. तेव्हा हे सगळं या जातीच्या काउंटरबद्दल आहे असं समजा. ६ वर्षं तो मी कोरड्या जागी वापरला. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा समुद्रावर नेला, पक्षी मोजायला. बोटीवर जाताना सोबत काय काय घ्यायचं हे विचारलं की काउंटर घ्या असं सगळे सांगतात. तो तिथे कसा वापरायचा हे मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं लिहितेय.

मी कुपवाडला एका कोल्ड स्टोअरेजमध्ये आवक-जावक बघते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडून बेदाणा येतो, १५ किलोच्या पेट्यांत. ट्रक दाराला लागतो, हमाल पेट्या उतरवतात आणि मी दारात काउंटर घेऊन उभी असते. आमच्यातले जुने हमाल पहिल्या पेटीला अजूनही 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, आणि प्रत्येकाला माझा अंगठा. १० टनांच्या गाडीत साडेसहाशेच्या वर पेट्या असतात. तोंडाने मोजत असताना मध्येच कुणी "ताई, गेटपास" म्हणून आलं की आकडा गेला. काउंटरवरचा आकडा जात नाही. त्याची सगळ्यात मोठी लायकी हीच, आणि पेट्यांसाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

पक्ष्यांची ओढ हरिपूरला लागली. वारणा कृष्णेला मिळते तिथे हिवाळ्यात सकाळी नदीसुरय (रिव्हर टर्न) पाण्यावर खालीवर करत असतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आम्ही चार-पाचजणी गेली काही वर्षं त्यात नदीचा एक टप्पा मोजतो. नदीवर काउंटर ठीक चालतो. आपण काठावर स्थिर, बदकं पाण्यावर बऱ्यापैकी स्थिर. समुद्रावर यातलं काहीच स्थिर नसतं, आणि काउंटरची खरी परीक्षा तिथे झाली.

शनिवारी सकाळची एसटी धरली. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, पाली करत दुपारी रत्नागिरीत. रविवारी पहाटे ५ वाजता मिरकरवाड्याच्या जेटीवर. मासेमारीची बोट भाड्याने घेतलेली. तांडेल (बोटीचे प्रमुख), दोन खलाशी आणि आम्ही ९ जण. आदल्या रात्री उलटीची गोळी घेतली होती, पहाटे परत एक घेतली. तांडेल म्हणाले, "ताई, मध्ये बसा, तिथं हलत नाही जास्त." सल्ला योग्यच होता, पण मोजणीला नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाशी) उभं राहावं लागतं, म्हणजे जिथे बोट सगळ्यात जास्त उचलली जाते तिथेच. एक हात कठड्याला, एका हातात काउंटर, गळ्यात दुर्बीण. वही मांडीवर ठेवायचीही सोय नाही. एवढ्यावरूनच कळतं की समुद्रावर जे साधन एका हाताने, न बघता चालतं तेच खरं. या बाबतीत काउंटर उत्तम. दांडीला चांगला ताण आहे, दाबली की अंगठ्याला खट् असं जाणवतं, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही तरी चालतं. नजर पाण्यावर ठेवून मोजता येतं.

आमच्या बोटीवर मोजणीची जबाबदारी एका तरुण मुलाकडे होती. त्याने निघतानाच पद्धत सांगितली. बोटीच्या एकाच बाजूला, नाळेपासून काटकोनात, ३०० मीटर रुंदीचा पट्टा धरायचा. ज्या बाजूला उन्हाची चकाकी कमी ती बाजू. त्या पट्ट्यातले पक्षी मोजायचे, १०-१० मिनिटांचे भाग पाडून. बोट ताशी १३ किलोमीटर जात असेल तर १० मिनिटांत २ किलोमीटरच्या थोडं पुढे जाते. म्हणजे एका भागात साधारण ०.६५ चौरस किलोमीटर पाणी बघून होतं. जहाजावरून पक्षी मोजायची ही रीत १९८४ मध्ये टास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडली, आणि जगभर थोड्याफार फरकाने तीच वापरतात. किती पक्षी दिसले एवढ्यावर न थांबता एका चौरस किलोमीटरला किती आहेत हे सांगता आलं, तरच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी आणि रत्नागिरीची कारवारशी तुलना करता येते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. अशा वेळी त्या पाण्यावर एरवी कोणते पक्षी किती असतात हे आधीच मोजलेलं नसेल, तर काय गेलं ते कशावरून ठरवणार?

पहिल्या १० मिनिटांत मी ४१ खटके मारले. मोठे तुरेवाले सुरय उडत होते, मागून पुढे, पुढून मागे, आणि मी पट्ट्यात शिरेल त्या प्रत्येकाला दांडी दाबत होते. त्या मुलाने आकडा बघितला आणि म्हणाला, "ताई, उडते सगळे नका धरू. बसलेले सलग मोजा, उडते फक्त फोटो काढल्यासारखे."

त्याचं म्हणणं असं, की पाण्यावर बसलेला पक्षी जवळपास जागचा असतो. बोट त्याच्याजवळ जाते, तो एकदाच मोजला जातो. उडणारा पक्षी बोटीपेक्षा कितीतरी जोरात जातो. १० मिनिटं दारात उभं राहून येणारे-जाणारे सगळे धरले तर प्रत्यक्षात त्या पाण्यावर आहेत त्यापेक्षा बरेच जास्त पक्षी वहीत येतात. म्हणून उडत्या पक्ष्यांसाठी ठरावीक वेळाने एक क्षण पकडायचा: या घडीला माझ्यापुढच्या ३०० मीटरच्या चौकोनात किती उडताहेत? तेवढेच लिहायचे. मध्ये उडून गेलेले सोडून द्यायचे. पुढचा क्षण कधी, तर बोट ३०० मीटर पुढे सरकली की. १० नॉटने (ताशी साधारण १८.५ किलोमीटर) जाणाऱ्या मोठ्या जहाजावर तो साधारण मिनिटाने येतो, आमच्या बोटीवर ८० सेकंदांनी.

मला हे लगेच पटलं, कारण आमच्याकडे हाच भेद रोजचा आहे. दारातून गेलेल्या पेट्या ही आवक-जावक. चेंबरमध्ये असलेल्या पेट्या ही शिल्लक. शिल्लक काढायची असेल तर दार बंद करून, थप्प्या मोजून काढतात. दारात उभं राहून कुणी काढत नाही. समुद्रावर उडते पक्षी मोजताना आपल्याला शिल्लक हवी असते आणि हातात मात्र आवक मोजायचं यंत्र असतं. काउंटरचा हा दोष म्हणता येणार नाही, तो ज्यासाठी केला आहे ते चोख करतो. पण हे माहीत नसताना तो समुद्रावर घेऊन गेलात तर तो अगदी अचूकपणे चुकीचा आकडा देईल. ते ४१ मी खोडले आणि फिरकी फिरवली.

त्यानंतर काम वाटून घेतलं. काउंटर फक्त पाण्यावर बसलेल्यांसाठी. उडते तोंडाने सांगायचे आणि माझ्या शेजारच्या काकूंनी वहीत लिहायचे. दर ८० सेकंदांनी मोबाइल थरथरायचा. ही व्यवस्था छान बसली.

३०० मीटर कुठे संपतात हे कळायला मी घरून एक पट्टी करून नेली होती. तिचा हिशेब सांगते, कारण तो कुणालाही करता येतो. डोळा पाण्यापासून साधारण ३ मीटर उंच आणि हात लांब केला की पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर. पट्टीचं वरचं टोक क्षितिजाला लावायचं. मग ५० मीटरवरचं पाणी टोकाखाली ३५ मिलिमीटरला येतं, १०० मीटरवरचं १७ ला, २०० मीटरवरचं ८ ला आणि ३०० मीटरवरचं अवघ्या ५ मिलिमीटरला. तेवढ्या खुणा करायच्या. जवळच्या खुणा छान काम देतात. पण बाहेरच्या हद्दीत, ८ आणि ५ मधल्या त्या ३ मिलिमीटरमध्ये, हलत्या बोटीवर ठाम काही सांगता येत नाही. एका लाटेत पट्टी तेवढी सरकते. मोठ्या जहाजावर डोळा १२ मीटर उंच असेल तर हीच ३०० मीटरची खूण २३ मिलिमीटर खाली येते. म्हणून छोट्या बोटीवरच्या मोजणीत २०० मीटरच्या आतले आकडे मला जास्त विश्वासाचे वाटतात. दुर्बीण ८x४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असावी. १०x नेलेल्या दोघांनी तासाभरात ती मानेवर नुसती लटकवली. आणि शोधायचं नुसत्या डोळ्यांनी. दुर्बीण ओळख पटवायला.

किनारा मागे पडून अडीच तास झाले असतील. तोवर सुरय, दोन-चार कुरव (सीगल), लाकडाच्या तरंगत्या ओंडक्यावर बसलेले ३ ब्रायडल्ड टर्न. हे सुरय वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करतात आणि एरवी किनाऱ्याला फारसे येत नाहीत. थर्माकोलचा तुकडा दिसला तरी त्यावर उतरतात. मग तांडेलांनी हात केला. पाण्यावर कुणीतरी मिरी उधळल्यासारखे ठिपके होते.

लाल मानेचे फॅलरोप. चिमणीपेक्षा थोडा मोठा, दिसायला तुतारी (सँडपायपर) या काठावरच्या पक्ष्यासारखा, पण थंडीचे महिने भर समुद्रात पोहून काढणारा. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण, तिथे अंडी नर उबवतो, आणि हिवाळ्यात थेट अरबी समुद्रावर. पाण्यावर स्वतःभोवती गोल गोल फिरत राहतात. त्या भोवऱ्याने खालचे बारीक जीव वर येतात आणि ते टिपतात. मी इतकी वर्षं ज्यांची छायाचित्रं बघत होते ते समोर, शेकड्यांनी, लाटेवर वर जाताहेत, लाटेमागे दिसेनासे होताहेत, परत दिसताहेत. मला भरून आलं, आणि अंगठा चालू होता.

काउंटर खरा इथे उपयोगी पडला. एकेकाला खटका मारणं अशक्य होतं. मी आमच्या थप्पीसारखं मोजलं. आधी एका टोकाचे १० नीट मोजायचे, ते १० किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं आणि मग तेवढा तेवढा तुकडा पुढे सरकवत जायचा. प्रत्येक तुकड्याला एक खटका. खिडकीत ००२७ आलं. म्हणजे सुमारे २७०. शेजारच्या मुलाने छायाचित्रं काढली होती. घरी परतल्यावर ती मोठी करून त्याने एकेक ठिपका मोजला तेव्हा २८८ भरले. म्हणजे मी कमी मोजले. लाटांच्या खोलात असलेले सुटले असणार. पण नुसत्या नजरेने बोटीवर जे अंदाज ओरडून सांगितले गेले होते ते १५० पासून ५०० पर्यंत होते. त्यापुढे काउंटरचा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर एक विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. एकच. काळपट, ढुंगणावर पांढरा पट्टा, ३०-४० ग्रॅमचा जीव. पाय खाली सोडून पाण्यावर चालल्यासारखा टपटपत बोटीसमोरून आडवा गेला. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि तिथल्या बेटांवर वीण करून, तिकडे हिवाळा लागला की इतक्या लांब आपल्याकडे येतो. त्याला काउंटर लागला नाही. क्षण पकडायच्या घडीला तो चौकोनात नव्हता, म्हणून घनतेच्या हिशेबातही आला नाही. "पट्ट्याबाहेरची नोंद" म्हणून वेगळा लिहिला. नियम पाळताना इथे हात जड झाला. तरी तसंच लिहिलं.

पॉमरिन स्कुआ दोन. सुरयाच्या मागे लागून त्याला चोचीतला मासा टाकायला लावतात ते. फ्लेश-फुटेड शिअरवॉटर एक, लांबवर. सांगलीहून आलेल्याला एका दिवसात एवढं भरपूर. महाराष्ट्रासमोर समुद्रतळ लांबपर्यंत उथळ आहे आणि दक्षिणेकडे हा उथळ भाग अरुंद होत जातो, त्यामुळे खोल पाण्याचे पक्षी केरळच्या बोटींना जितक्या लवकर भेटतात तितक्या लवकर रत्नागिरीच्या बोटीला भेटत नाहीत. एका दिवसाच्या फेरीत खोल पाण्यापर्यंत पोचणं होत नाही, हे पैसे भरण्याआधी प्रत्येकाने समजून घ्यावं.

आता तक्रार. ती काउंटरची नाही, सहल ठरवणाऱ्यांची, आणि त्यांचं नाव मी इथे घेत नाही. ११ च्या सुमारास मोजणीचा भाग सुरू असताना त्यांच्यातल्या एकाने टोपलीभर माशांची आतडी-डोकी मागून पाण्यात टाकली. कुरव, सुरय लांबून गोळा झाले, छायाचित्रं उत्तम मिळाली. पण बोटीच्या मागे लागलेले पक्षी मोजायचेच नसतात. ते तिथे राहत नाहीत, आपण त्यांना बोलावलेलं असतं. सलग दोन भाग आम्ही रद्द केले. भाग संपल्यावर, सांगून टाकलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. जाहिरातीत "सहल आणि गणना" लिहिलं होतं, त्यातल्या गणनेचे पैसे मीही भरले होते. बोटीवर बायकांसाठी आडोशाची सोय नव्हती. विचारल्यावर "सगळ्यांना सांगतो, पाणी कमी प्या" असं उत्तर आलं. उन्हात ८ तास पाणी कमी पिणं हे उत्तर नाही. खलाशांनी स्वतःहून ताडपत्री बांधून दिली. त्यांचे आभार.

काउंटरची सगळ्यात मोठी उणीव मला दुपारी कळली. परतताना सलग ५ भाग, म्हणजे ५० मिनिटं, आमच्या पट्ट्यात एकही पक्षी नव्हता. खिडकीत ००००. मी डोळे फाडून बघत होते तेव्हाही ०००० आणि जेवायला बसलो, मोजणी बंद होती, तेव्हाही ००००. काउंटरला या दोन शून्यांतला फरक कळत नाही. पेट्यांच्या कामात ही अडचण कधी आली नाही, कारण ट्रक नसला की मोजणीही नसते. समुद्रावर मात्र रिकामं पाणी हीसुद्धा मोजणी आहे. ३ चौरस किलोमीटरच्या वर पाणी बघितलं आणि त्यात काही नव्हतं, हे लिहिलंच नाही तर २७० फॅलरोप सगळ्या समुद्रावर सारखेच पसरल्यासारखे होतात. म्हणून वही हवीच. आमच्या वहीत भाग क्रमांक, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, लाटांची स्थिती, चकाकी आणि मग पक्षी. पक्षी नसतील तर "०, पाहिलं" असा शेरा. काकूंनी ५ वेळा तो शेरा तितक्याच नीट अक्षरात लिहिला.

सोबत ५० रुपयांची प्लॅस्टिकची अंगठीही नेली होती, जपासाठी बोटात घालतात ती, आकडे उजळणारी. वजन काहीच नाही, पण समुद्रावर नको. बटण इतकं हलकं की कठडा धरला तरी आकडा वाढतो, उन्हात आकडे दिसत नाहीत, आणि पहिला मोठा फवारा अंगावर आला तेव्हा ती बंद पडली ती पडलीच. स्टीलच्या डबीला फवाऱ्याने काही झालं नाही. तिची उणीव वेगळी: शून्याची फिरकी बाहेर आलेली असते आणि खिशाला घासून फिरते. एकदा माझे आकडे असे गेले. आता फिरकीवर सायकलच्या ट्यूबचा आडवा तुकडा कापून चढवते. कडीतून सुतळी ओवून मनगटाला बांधणंही गरजेचं आहे, कारण कडीवर बोट घामाने घसरतं.

मिठाचं मात्र मनावर घ्या. मी परतल्यावर दोन दिवस पिशवीतच ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दांडी अर्ध्यात अडकली. आमच्या इथल्या घड्याळवाल्या दादांनी मागचे दोन स्क्रू काढून दाखवलं: स्प्रिंगवर तांबूस थर. गोड्या पाण्यात बुडवून, कोरडं करून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला तेव्हा सुटली. तेव्हापासून बोटीवरून उतरल्या उतरल्या नळाखाली धुऊन पुसते.

तर, घ्यावा का? समुद्रपक्षी मोजायला जाणार असाल तर घ्या, स्टीलचाच घ्या, आणि दोन घ्या. एकाच काउंटरवर दोन जातींचे पक्षी मोजता येत नाहीत. फॅलरोप चालू असताना मध्ये बसलेले सुरय आले की मला आकडा तोंडात धरून ठेवावा लागला, आणि तेच टाळायला तर काउंटर असतो. दुसरा मी मागच्या आठवड्यात आणला, आता १९० ला मिळतो. त्याच्या पाठीला नखरंग लावला आहे. लाल डावीकडे, सुरयांसाठी; जुना उजवीकडे, फॅलरोपसाठी, एका खटक्याला १०. फेब्रुवारीत बेदाणा सुरू होईपर्यंत डाव्या अंगठ्याला सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालून परतणारे बगळे मोजते आहे.